पिठाच्या डब्यात तीन पत्रं

पॅसाडिना,
९ मार्च १९२५

श्रीमती पॅस्को यांस,

आपली माझी ओळख नाही, तरी हे पत्र लिहिते आहे, क्षमा असावी. मी श्रीमती ऑगस्टा वेदरिल. गेल्या महिन्यात एका सिनेमा कंपनीने आमच्या बागेत नऊ दिवस चित्रण केलं. माझे यजमान अशा गोष्टींना सहसा परवानगी देत नाहीत, पण त्या दिग्दर्शकाने आमच्या कारंज्याची फार स्तुती केली. चित्रपटाची गोष्ट म्हणे अशी, की लाँड्रीत कपडे धुणारी एक मुलगी आणि एका लक्षाधीशाचा मुलगा यांचं प्रेम जमतं.

त्या मंडळींबरोबर नटीचे कपडे सांभाळायला आपली मुलगी लव्हडे आली होती. माझ्या मुलाच्या, लायमनच्या, कोटाची बाही गुलाबाच्या काट्याने फाटली, ती तिने उभ्या उभ्या शिवून दिली. तो विषय तिथेच संपायला हवा होता.

काल रविवारी लायमन आपल्या घरी जेवायला होता, असं मला खात्रीलायक समजलं आहे. आणि हा पहिला रविवार नव्हे. आपल्या मुलीच्या चारित्र्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. परंतु लायमन आमचा एकुलता एक मुलगा आहे, पुढे लाकडाचा सगळा व्यवसाय त्यालाच पाहायचा आहे. असल्या गोष्टी पडद्यावर शोभतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उत्तम शिवणघरात माझी ओळख आहे. लव्हडेला तिथे मानाची जागा मिळवून देता येईल. आपण तिला समजवावं, ही विनंती.

टेलिफोन न करता पत्र लिहिलं, कारण आमचा टेलिफोन दिवाणखान्यात आहे.

आपली,
ऑगस्टा वेदरिल


हॉलिवूड,
१२ मार्च

वेदरिलबाई,

पत्र मिळालं. आमचा टेलिफोन जिन्याखाली आहे आणि सहाही भाडेकरूंचे कान त्याला लागलेले असतात, तेव्हा पत्रच बरं.

हो, तुमचा मुलगा माझ्या टेबलावर जेवला. तीन पॅस्ट्या खाल्ल्या. पॅस्टी म्हणजे मांस-बटाट्याची हाताएवढी करंजी, तुमच्याकडे होत नसेल. मग न सांगता भांडी पुसायला उभा राहिला आणि एक ताटली फोडली. मी ओरडले तर म्हणतो, "पॅस्कोबाई, घरी मला कुणी ताटलीला हात लावू देत नाही, मग सवय कशी होणार?" पोरगा वाईट नाही. पण पंचवीस वर्षांचा पुरुष ताटली फोडून एवढा खूश होतो, हे मला काही बरं लक्षण वाटत नाही.

माझी लेक तुमच्या सोयीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जाणार नाही. ती इथल्या स्टुडिओच्या शिवणखात्यात चार बायकांच्या वर आहे, आणि ती जागा तिला ओळखीने मिळालेली नाही.

आता मुद्द्याचं. हे लग्न होऊ नये असं तुम्हाला वाटतं ना? मलाही तेच वाटतं. माझी धाकटी बहीण मोरवेना तिकडे इंग्लंडात, आमच्या कॉर्नवॉलमध्ये एका मोठ्या घरात कामाला होती. धाकट्या मालकाने वचन दिलं. ते खोटं नव्हतं हो, त्या दिवशी ते त्याच्या मनात होतंच. मग त्याच्या आईला कळलं. मोरवेना पत्र्याची पेटी घेऊन चार मैल चालत घरी आली. आमच्या चॅपलमध्ये तिच्याइतका वर सूर कुणाचा लागत नसे. त्यानंतर ती गायलीच नाही. माझा नवरा ग्रास व्हॅलीच्या खाणीतली धूळ छातीत भरून वारला, तेही दुःख मी पचवलं, पण मोरवेनाचं ते गप्प तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून सांगते, तुमचा मुलगा तुम्ही आवरा, माझी मुलगी मी बघते.

थॉमसिन पॅस्को


पॅसाडिना,
२० मार्च

श्रीमती पॅस्को यांस,

मला अशा भाषेत कुणी उत्तर देत नाही. पत्र दोनदा वाचलं. आपण दोघी एकाच बाजूला आहोत हे लक्षात आल्यावर राग धरण्यात अर्थ नाही असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात लायमनला पोर्टलंडला, यजमानांच्या लाकूडगिरणीवर पाठवत आहोत. काम शिकायला, निदान सहा महिने. जाण्याआधी त्याने आपल्या मुलीला भेटायचं म्हटलं, तर यजमानांनी गाडी थेट स्टेशनवर नेण्याची व्यवस्था केली आहे. त्याचा पोर्टलंडचा पत्ता आपल्याकडे कुणालाही ठाऊक नाही, आणि तसंच राहावं.

त्याची पत्रं आपल्या घरी आलीच, तर काय करावं हे मी आपल्याला सांगणं योग्य नाही. आपण आई आहात.

ऑगस्टा वेदरिल


हॉलिवूड,
४ मे

वेदरिलबाई,

दीड महिना झाला. तुमचा मुलगा इकडे फिरकला नाही. पत्रबित्र काही आलं नाही. तेव्हा आपलं काम झालं म्हणायचं.

लव्हडे पहिले दोन आठवडे पोस्टमन दिसला की जिन्यात यायची. आता येत नाही. माझ्याकडे फॅनशॉ नावाचे एक म्हातारे नट राहतात, सिनेमात न्यायाधीश होतात, नाहीतर दुसऱ्या रिळात मरतात. ते तिला हसवायला जातात. परवा म्हणाले, "लव्हडेबाई, आज मी तिसऱ्यांदा मेलो, पण दिग्दर्शक म्हणतो अजून नीट मरा." ती हसली. पण तोंडानेच. म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "ही माझ्यापेक्षा वाईट नट आहे."

काम मात्र तिप्पट करते. एका नटीच्या झग्यावर चौदाशे मणी लावले, एकटीने.

बरं असेल तर कळवा. म्हणजे तुमच्याकडे काही बरं असेल तर.

थॉमसिन पॅस्को


पॅसाडिना,
१६ मे

श्रीमती पॅस्को,

लायमन दर रविवारी पत्र लिहितो. पाऊस पडला, ओंडके आले, करवत तुटली. गिरणीच्या नोंदवहीत लिहावं तसं. आधी तो विचारायचा, "आई, माझ्यासाठी काही पत्र आलं का?" आता विचारत नाही. आपल्या मुलीचं कुठलंही पत्र आमच्याकडे आलेलं नाही.

एक विचित्र विनंती आहे. गिरणीच्या व्यवस्थापकाने कळवलं की लायमन फार बारीक झाला आहे. पुढच्या महिन्यात तो चार दिवस घरी येईल. आमच्या स्वयंपाकिणीला मी आपली ती करंजी करून पाहायला सांगितली. तिने केली. यजमान म्हणाले की याने खिडकीची काच फोडता येईल. आपण कृती द्याल का?

ऑगस्टा वेदरिल


हॉलिवूड,
२५ मे

वेदरिलबाई,

कणीक थंड पाण्याने भिजवायची आणि जास्त मळायची नाही. तुमची बाई मळून मळून तिला चामडं करत असणार. मांस कापायचं, कुटायचं नाही. बटाटा, कांदा, सलगम, मीठ, मिरी. गाजर घातलं तर माझं नाव सांगू नका.

आता दुसरं. लव्हडेचं पत्र तुमच्याकडे आलं का, हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही न विचारता सांगितलंत. ते वाचून मी अर्धा दिवस खुर्चीत बसून राहिले, कारण मीसुद्धा तुम्हाला न विचारता सांगितलं होतं, पत्रबित्र आलं नाही म्हणून.

आलं होतं. तीन पत्रं आली. पोर्टलंडचा शिक्का. ती माझ्या पिठाच्या डब्यात तळाशी आहेत, मेणकापडात गुंडाळून. उघडली नाहीत. जाळायला म्हणून दोनदा चुलीपाशी गेले आणि परत आले. माझ्याकडे सहा भाडेकरू. रोज पीठ लागतं. रोज हाताला ती लागतात.

गप्प बसले असते. पण इथे काय झालं ते ऐका. लव्हडेच्या शिवणखात्याचे मुख्य शिंपी बेक, बेचाळीस वर्षांचे, विधुर, ग्लेनडेलला स्वतःचं छोटं घर, शब्दाने कुणाला दुखवणार नाहीत असा माणूस. त्यांनी तिला मागणी घातली. ती म्हणाली, "बरं." घरी येऊन मला सांगितलं तेही तसंच, "आई, बेकसाहेबांना मी बरं म्हटलं. वीस जूनला." जसं काही उद्या बटाटे आणायचे आहेत. असाच माणूस मी तिच्यासाठी मागत होते हो देवाकडे! मला आनंद व्हायला हवा होता.

काल ती स्वतःचा लग्नाचा झगा शिवत होती. मी दारात उभी. एक टाका चुकला नाही. एकदा अंगाला लावून पाहिला नाही. आरशापाशी गेली नाही. कुठल्यातरी नटीचा, उद्या सकाळच्या चित्रणाला हवा असलेला झगा शिवावा, तसा शिवला, घडी घातली, दिवा मालवला.

माझ्या बहिणीचं ज्या बाईने वाटोळं केलं तिला मी वीस वर्षं शिव्या दिल्या. काल मला कळलं की तीच बाई मी झाले आहे. तुम्ही खोटं बोललात का, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी बोलले.

थॉमसिन


पॅसाडिना,
२८ मे

श्रीमती थॉमसिन,

मीही बोलले. लव्हडेचं पत्र २२ एप्रिलला आलं. तिला पोर्टलंडचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून इथे पाठवलं. आपण तरी पाकिटं फोडली नाहीत. मी फोडलं.

त्यात एकच पान आहे. रडणं नाही, मागणं नाही. लिहिलं आहे, "तू आपल्या मनाने गप्प असशील तर माझी तक्रार नाही. पण तुला कुणी गप्प केलं असेल तर एकदा सांग, म्हणजे मी उगाच तुझा राग करणार नाही." मी ते माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. गेले पाच रविवार मी चर्चमध्ये पुस्तक उघडलंच नाही, नुसते ओठ हलवले.

आणखी एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला खात्रीलायक समजलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी मी स्वतः आले होते. गाडी कोपऱ्यावर थांबवली आणि आपल्या घराच्या बाजूच्या बोळातून चालत गेले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. लायमनच्या हातात ओली ताटली होती आणि तो हसत होता. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आमच्या घरी जेवताना यजमान वर्तमानपत्र वाचतात. काट्या-चमच्यांचा आवाज होतो. त्या जेवणघरात पंचवीस वर्षांत मी माझ्या मुलाला तसं हसताना पाहिलेलं नाही.

तुमची मुलगी गरीब आहे म्हणून मला झोप येत नव्हती, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला ते हसणं सहन झालं नाही. ते तुमच्याकडे का, हे सहन झालं नाही.

मी येत्या मंगळवारी पोर्टलंडला जाते आहे, तिथल्या हॉटेलचा पत्ता मागे लिहिला आहे. यजमानांना बहिणीकडे जाते असं सांगितलं आहे. ते पत्र मी लायमनच्या हातात देईन, आणि किती दिवस दडवलं तेही सांगेन. त्याची तीन पत्रं तुम्ही लव्हडेला द्या. वीस जूनच्या आत. कृपा करा, मी परत येईपर्यंत थांबू नका. मला माझी भीती वाटते.

ऑगस्टा


हॉलिवूड,
३ जून
(पोर्टलंडच्या हॉटेलच्या पत्त्यावर)

ऑगस्टाबाई,

दिली. सोमवारी, ती कामावरून आल्याबरोबर, टोपी काढायच्या आत. पाकिटांना पीठ लागलं होतं. ती म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "लायमनची पत्रं आहेत. मी लपवली होती. पहिलं आलं त्याला आठ आठवडे झाले." तिने तिन्ही उभ्यानेच वाचली, माझ्यासमोर. मग नीट घड्या घातल्या. म्हणाली, "मोरवेनामावशीची गोष्ट मला सांगताना तू रडायचीस, आई." एवढंच. मग चार कपडे घेतले आणि शिवणखात्यातल्या मैत्रिणीकडे राहायला गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तिने बेकसाहेबांना सगळं सांगितलं. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर आले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील, आणि ते योग्यच झालं असतं. ते म्हणाले, "पॅस्कोबाई, तिने बरं म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. कुणी हो म्हणायच्या वेळी बरं म्हणत नाही." चहाला नको म्हणाले. फाटकापर्यंत गेले, टोपी विसरली म्हणून परत आले, आणि टोपी हातात घेऊन पुन्हा खुर्चीत बसले. पाऊण तास. फॅनशॉ आतून बाहेर आले, त्यांना बघून पाय न वाजवता परत आत गेले.

एका चांगल्या माणसाला मी नाहक मध्ये ओढलं. हे कुणी भरून देणार नाही.

तुमच्याकडे काय झालं?

थॉमसिन


पॅसाडिना,
११ जून

थॉमसिनबाई,

५ तारखेला मी गिरणीवर पोचले. लायमन ओंडक्यांच्या ढिगापाशी उभा होता, अंगावर भुसा. मी पत्र दिलं. त्याने वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. विचारलं, "हे किती दिवस तुझ्याकडे आहे?" मी म्हटलं, "चव्वेचाळीस." त्याने बोटांवर मोजलं, लहानपणी मोजायचा तसं. मग म्हणाला, "म्हणजे मी गप्प आहे असं तिला चव्वेचाळीस दिवस वाटत होतं." माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळच्या गाडीने तो निघाला. मी म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, "आई, आज नको."

मी दोन दिवसांनी एकटी परतले. यजमानांना तोवर गिरणीवरून तार गेली होती. त्यांनी लायमनचं नाव फर्मच्या कागदांवरून काढायला सांगितलं आहे. मला म्हणाले, "या घरातलं कुणीही त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. तूसुद्धा." ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते हळू बोलतात.

लायमन आपल्याकडे पोचला का? दोन ओळी लिहा.

ऑगस्टा


हॉलिवूड,
३० जून

ऑगस्टाबाई,

पोचला. उशीर केला म्हणून रागावू नका, सांगण्यासारखं काही घडायची वाट बघत होते.

तो स्टेशनवरून थेट स्टुडिओच्या फाटकावर गेला. लव्हडे बाहेर आली. तुम्हाला वाटलं असेल की सिनेमात होतं तसं धावत जाऊन गळ्यात पडली. कसलं काय! तिने त्याला रस्त्यावर उभं करून विचारलं (हे मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं), "तीन पत्रं लिहिलीस, उत्तर आलं नाही, मग चौथं का लिहिलं नाहीस? आणि पत्राचं सोड, तू स्वतः का आला नाहीस? गाड्या बंद होत्या?" तो म्हणाला, "मला वाटलं तुला कंटाळा आला." ती म्हणाली, "खरं सांग." तेव्हा म्हणाला, "वडिलांना भ्यालो." ती म्हणाली, "मग आधी स्वतःच्या पायावर उभा राहा. भिणाऱ्या माणसाशी मी लग्न करीन एक वेळ, पण त्याच्या वडिलांशी नाही करणार."

तेव्हापासून तो स्टुडिओच्या सुतारखात्यात आहे. खोट्या भिंती आणि खोटे जिने बांधतो. लाकूड त्याला कळतं, असं मिस्त्री म्हणाला, हातोडी अजून कळत नाही. डाव्या हाताचा अंगठा काळानिळा झाला आहे. मागच्या गल्लीत तीन सुतारांबरोबर एका खोलीत राहतो. रविवारी माझ्याकडे जेवतो.

लव्हडे घरी परत आली, पण माझ्याशी "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलते. मी देते आणि लावते.

थॉमसिन


पॅसाडिना,
२१ सप्टेंबर

थॉमसिनबाई,

तुमची पत्रं मी आता बागेतल्या बाकावर बसून वाचते. अंगठा बरा झाला हे वाचून हायसं वाटलं.

तो चित्रपट गावात लागला. मी दुपारी एकटीच जाऊन पाहिला. पडद्यावर आमची हिरवळ आली, कारंजं आलं. मुलाची आई म्हणून एक जाडजूड बाई होती. हातात धरायचा दांडीचा चष्मा डोळ्यांना लावून ती लाँड्रीतल्या मुलीला वरखाली न्याहाळते आणि मग पाठीमागे बघत चालताना थेट कारंज्यात पडते. सगळं थिएटर हसलं. मीही हसले. मग रडू आलं, तेही अंधारात कुणाला दिसलं नाही. शेवटी वडील एकदम विरघळतात, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात, संपलं. पावणेदोन मिनिटं लागली असतील.

माझे यजमान विरघळणारे नाहीत. वाईटही नाहीत. सोळाव्या वर्षी त्यांच्या वडिलांनी त्यांना ओहायोतून एका ब्लँकेटसह घराबाहेर काढलं होतं. त्यांना वाटतं माणूस असाच घडतो.

एक विचारू? ती दोघं माझ्याबद्दल कधी बोलतात का? बोलत नसतील तर तसं लिहा.

ऑगस्टा


हॉलिवूड,
१८ ऑक्टोबर

ऑगस्टाबाई,

शनिवार, १४ नोव्हेंबर. आमच्या चॅपलमध्ये, सकाळी अकराला. जेवण माझ्याकडे.

परवा मी कणीक लाटत होते. लव्हडे मागे येऊन उभी राहिली. भांड्यातलं सारण बोटाने चाखलं आणि म्हणाली, "आई, गेल्या चार महिन्यांत तुझ्या हाताला मीठ जास्त पडायला लागलंय." मी म्हटलं, "तूच रोज मीठ दे, मीठ दे करतेस, मला वाटलं कमी पडतं." तिला हसू फुटलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "मी विसरणार नाही हं." मी म्हटलं, "विसरू नकोस." ती म्हणाली, "पण आता रागही येत नाही. शोधते, सापडत नाही." जुना झगा तिने उसवला आहे, त्याचं कापड स्टुडिओला दिलं. नवा शिवते आहे. हा तीनदा उसवून झाला. दोनदा आरशासमोर अंगाला लावताना मी पकडली.

बेकसाहेब दुसऱ्या स्टुडिओत गेले. त्यांना बोलावलं नाही. बोलावण्यात चांगुलपणा नव्हता.

तुम्ही विचारलंत ते. लायमन तुमचं नाव काढत नसे. पण तारीख ठरली त्या रविवारी त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "आई येईल का?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, लिही तिला." तो म्हणाला, "तिला घरातून निघता येणार नाही, आणि मी बोलावलं तर तिला ते सांगावं लागेल." यात राग किती आणि काळजी किती, ते तुम्ही ओळखा, आई आहात.

खालची ओळ लव्हडेची आहे. तिने कागद ओढून घेतला.

श्रीमती वेदरिल, लायमन बोलावत नाही, म्हणून मी बोलावते. या.
लव्हडे


पॅसाडिना,
१६ नोव्हेंबर

थॉमसिन,

दिवसभर तू पाहुण्यांत होतीस, आपल्याला दहा शब्दही बोलता आले नाहीत. म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी मी नाश्त्याला टोपी घालूनच बसले. यजमानांनी विचारलं, "कुठे?" म्हटलं, "लायमनच्या लग्नाला." ते म्हणाले, "आपली गाडी तिथे जाणार नाही." मी म्हटलं, "बरं," आणि टोस्ट संपवला. मग फाटकातून चालत बाहेर पडले आणि ट्रॅम पकडली. लॉस एंजेलिसला बदलताना चुकीच्या ट्रॅममध्ये चढले. शेजारी एक मेक्सिकन बाई होती, मांडीवर सेलरीच्या भाजीच्या जुड्या. तिने मला दंडाला धरून उतरवलं, बरोबर ट्रॅम दाखवली आणि ती हलेपर्यंत उभी राहिली.

तू आत होतीस, तेव्हा लायमनने मला चॅपलच्या पायरीवर पाहिलं. तो खाली आला. म्हणाला, "गाडी कुठे आहे?" म्हटलं, "ट्रॅमने आले." "एकटी?" "एकटी." त्याने माझी टोपी सरळ केली, ती एका कानावर आली होती. माफीची चार वाक्यं मी वाटेत पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "मी चुकले." तो म्हणाला, "हो." आणि मला आत नेण्यासाठी हात पुढे केला.

तुझ्या लेकीनेही मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "माझं पत्र तुम्ही वाचलंत ना? अक्षर कसं होतं?" मी म्हटलं, "सुरेख." ती म्हणाली, "घाईत लिहिलं होतं. सावकाश लिहिते तेव्हा आणखी चांगलं येतं." थॉमसिन, या मुलीला मी घाबरते आणि मला ती फार आवडते.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. यजमान व्हरांड्यात बसले होते. वर्तमानपत्र नव्हतं. म्हणाले, "किती माणसं होती?" "चाळीसेक. त्याच्या बाजूला सगळे सुतार." मग म्हणाले, "माझ्याबद्दल विचारलं त्याने?"

हो म्हणावंसं वाटलं. पण खोटं बोलण्याची माझी हौस या वर्षी फिटली आहे. म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "मीसुद्धा विचारलं नसतं."

मग मी सांगून टाकलं, की यापुढे रविवारी दुपारी मी घरी जेवणार नाही. ते म्हणाले, "मग मी कुणाबरोबर जेवायचं?" तीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवा. गाडी तुमच्याकडेच आहे."

रविवारी मी येते. माझ्याखेरीज एक पान जास्त मांडू नकोस. पण खुर्ची जवळपास असू दे.

तुझी,
ऑगस्टा